आधी शिवा, मग कापा : उरलेल्या तुकड्यांचं मनसोक्त शिवणकाम

शिवण शिकताना पहिला धडा सगळ्यांना सारखाच मिळतो. माप घ्या, खडूने खुणा करा, कापा आणि मग शिवा. कापड एकदा चुकीचं कापलं की गेलं, म्हणून कात्री लावण्याआधी हात थबकतो. उरलेल्या तुकड्यांचं मनाला येईल तसं शिवणकाम हा क्रमच उलटा करून टाकतं. दोन तुकडे आधी जोडायचे, इस्त्री फिरवायची, जे समोर आलं ते नीट बघायचं आणि मग कात्री चालवायची. माप अगदी शेवटी. पुढचा तुकडा कुठला, हे आत्ता घातलेली शिवण ठरवते.

यातला आनंद नेमका कुठे आहे, हे मला बोट ठेवून सांगता येतं. शिवण उलगडून तिच्यावर पहिल्यांदा इस्त्री फिरते, त्या क्षणात. शर्टाची बारीक निळी रेघ आणि पडद्यातून उरलेला मोहरी रंग वेगवेगळे हातात धरले होते, तोवर ते एकमेकांचे कुणी लागत नव्हते. जोडून सपाट केले की निळी रेघ एकदम थंड दिसायला लागते, मोहरी उजळतो, आणि शेजारी आता गडद तपकिरी हवा हे डोळ्यांना आपोआप कळतं. आराखडा काढून शिवताना हा क्षण येत नाही, कारण काय होणार ते आधीच ठाऊक असतं. इथे तो दर दहा मिनिटांनी येतो.

मात्र मनाला येईल तसं म्हणजे कसंही नव्हे. रचना हवी तेवढी वाकडी असू द्या. शिवण पक्कीच हवी. टाके बारीक, माया (शिवणीच्या बाहेर सोडलेली कापडाची कड) सारखी, इस्त्री सपाट, एवढं सांभाळलं नाही तर दोन धुण्यांत सगळं उसवून येतं आणि मग इतक्या मजेने केलेल्या कामाची हळहळ वाटते. म्हणून आधी थोडं कोरडं काम.

तुकड्यांची ओळख

चिंध्यांची पिशवी जमिनीवर उपडी करा. पहिली विभागणी रंगाने करू नका, कापडाच्या जाडीने करा. सुती शर्ट, कुर्ते, चादरी, अस्तराची पातळ सुती कापडं एका ढिगात. डेनिम, कॅनव्हास, पडद्याची जाड कापडं दुसऱ्यात. रेशमी, सॅटिनसारखी घसरणारी तिसऱ्यात, आणि टी-शर्टसारखी ताणली जाणारी चौथ्यात. सुरुवातीला फक्त पहिला ढीग वापरा. पातळ आणि जाड कापड शेजारी शेजारी शिवलं की धुताना ताण पातळ कापडावर येतो आणि ते शिवणीलगत फाटतं.

कापड कशाचं आहे कळत नसेल तर त्याचा बोटभर लांब धागा काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि ज्योत लावा. सुती धागा पटकन पेट घेतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी बनतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा थोड्याथोड्या दिसतात. ही परीक्षा करायची ती इस्त्रीसाठी. सुती कापडाला लागणारी कडक इस्त्री पॉलिएस्टरवर ठेवली की ते चकाकतं किंवा चिकटतं.

जुन्या कपड्यांचे तुकडे असतील तर ते उजेडासमोर धरून बघा. विणीत विरळ डाग दिसले तर तेवढा भाग सोडून द्या. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड आडवं-उभं ओढून पाहा. चर्र आवाज आला तर ते कापड कितीही आवडतं असलं तरी जोडकामात टिकणार नाही. नवी, न धुतलेली कापडं धुऊन घ्या, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी कापडं सारखी आटत नाहीत. छोटे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून धुवावेत, नाहीतर धाग्यांचा गुंता होतो. तळहातापेक्षा लहान तुकडे मी धुवत नाही. त्यांच्यावर भरपूर वाफेची इस्त्री फिरवते. लाल, गडद निळा आणि काळा यांच्यावर ओला पांढरा फडका दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा फिक्या रंगांपासून लांब ठेवायचा.

यानंतर सुती ढिगाचे आकाराने तीन भाग करा : पट्ट्या, तळहातापेक्षा मोठे तुकडे, आणि चुरा. चुरा म्हणजे तीन-चार बोटं रुंदीचे उरलेसुरले. रंगवार घड्या घालून ठेवायचा मोह होतो, पण मी तो टाळायला सांगेन. रंगवार लावलेल्या कप्प्यातून आपण नेहमीच्या सवयीने नेहमीचे रंग उचलतो. मिसळलेल्या ढिगात हात घातला की हिरव्याला चिकटून जांभळा वर येतो, आणि अर्धं काम तिथेच होतं.

साधनं

सरळ टीप घालणारं कुठलंही मशीन चालतं. सुती कापडासाठी ८०/१२ किंवा ९०/१४ नंबरची सुई घ्या, आणि ती नवी घ्या. बोथट सुईने धागे ओढले जातात. दोरा मध्यम करड्या रंगाचा, कारण तो जवळजवळ सगळ्या रंगांत लपतो आणि दर तुकड्याला रीळ बदलावं लागत नाही. दोन-चार बॉबिनं (मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) आधीच भरून ठेवा. चांगली कात्री, टाचण्या, टाके उसवायचं हत्यार, मोजपट्टी. फिरतं पातं असलेला कटर आणि त्याची चटई असेल तर हात झपाझप चालतो, पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

इस्त्री मात्र मशीनच्या अगदी जवळ हवी, उठून एका पावलावर. दुसऱ्या खोलीत ठेवली की आपण चार शिवणी साठवतो आणि एकदम इस्त्री करायला जातो. मग तोवर पुढचे चारही निर्णय आंधळेपणाने झालेले असतात.

मायेचं गणित

कपडे शिवणाऱ्या हाताला दीड सेंटिमीटर माया सोडायची सवय असते. तुकडेकामात माया ६ मिलिमीटर ठेवतात. मशीनच्या साध्या पायाची उजवी कड सुईपासून बहुधा तेवढ्याच अंतरावर असते. नसेल तर सुईच्या उजवीकडे ६ मिमी मोजून मशीनच्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत न्या.

तपासायला ४ सेमी रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा. दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंची मिळून १.२ सेमी माया जाते, म्हणजे १२ मधून २.४ वजा. इस्त्रीनंतर एकूण रुंदी ९.६ सेमी आणि मधली पट्टी २.८ सेमी दिसायला हवी. कमी भरली तर माया जास्त जाते आहे. हे गणित डोक्यात पक्कं बसलं की पुढे फार उपयोगी पडतं. ४ सेमीच्या दहा पट्ट्या जोडल्यावर ४० सेमीचं कापड मिळेल असं वाटतं, मिळतं २९.२ सेमी. आणि २ सेमीची नाजूक पट्टी दोन्हीकडून शिवली की जेमतेम ८ मिलिमीटर उरते. हव्या त्या रुंदीत नेहमी १.२ मिळवूनच कापायचं.

टाक्याची लांबी २ मिमी ठेवा. आपण शिवलेलं पुन्हा पुन्हा कापणार आहोत, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी घातलेले उलटे टाके कापून जातात. बारीक टाकाच शिवण धरून ठेवतो. सैल विणीच्या, कडा सुटणाऱ्या कापडाला माया १ सेमी घ्या.

पहिली बैठक

तीनच कापडं घ्या. एक गडद, एक फिकं, आणि तिसरं असं की ते या दोघांबरोबर जाईल का याची शंका वाटावी. तिसऱ्याबद्दल मी आग्रही आहे. तिन्ही छान जुळणारी घेतली तर तुकडा छान होतो, पण हाताला त्यातून नवं काही कळत नाही.

तिसऱ्या कापडातून तळहाताच्या आत मावेल असा चार बाजूंचा तुकडा मोजपट्टी न लावता कापा. कोपरे काटकोनात नसले तर उत्तम, फक्त कडा सरळ असाव्यात. हा मधला तुकडा. आता गडद कापडाची ४ ते ५ सेमी रुंद पट्टी घ्या, मधल्या तुकड्याच्या एका बाजूपेक्षा थोडी लांब. सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून कड जुळवा आणि टीप घाला. आधी शिवण मिटलेली असतानाच तिच्यावर इस्त्री टेकवा, म्हणजे टाके कापडात बसतात. मग पट्टी उलगडून वरून दाबा. इस्त्री उचलून ठेवायची, घासत न्यायची नाही. घासली की कापड एका अंगाला ताणलं जातं. माया गडद कापडाच्या बाजूला वळवा, नाहीतर फिक्यातून ती डोकावते.

पट्टीची जास्तीची टोकं मधल्या तुकड्याच्या कडेच्या रेषेत कापून टाका. तुकडा पाव फेरी वळवा आणि पुढच्या बाजूला पट्टी जोडा. या नव्या पट्टीची कड आधीच्या पट्टीच्या टोकावरूनही जाते. असं चारही बाजूंनी फिरा. दुसऱ्या फेरीत फिकं कापड वापरा. या वेळी पट्टी जोडून झाल्यावर तिची बाहेरची कड थोडी तिरकी कापा, एका टोकाला रुंद तर दुसऱ्याला निमुळती. लगेच सगळी चौकट कलायला लागते, आणि समांतर पट्ट्यांतून जो ठोकळेपणा येतो तो जातो.

दोन फेऱ्या झाल्या की चांगला पसाभर मोठा तुकडा तयार होतो. आता तो मधोमध, थोडा तिरका, आरपार कापा. होय, इतकं नीट शिवलेलं. पहिल्या वेळी हात कचरतो हे मी पुष्कळांचं पाहिलं आहे, आणि म्हणूनच ही पायरी पहिल्याच बैठकीत ठेवली आहे. दोन्ही अर्धे टेबलावर सरकवून बघा. एक उलटा फिरवा, एक खाली ओढा. मध्ये गडद कापडाची बारीक पट्टी ठेवून बघा. ज्या मांडणीवर नजर थांबते ती शिवा. एकही रेषा न आखता तुम्ही अशी रचना केलीत जी आधी डोक्यात नव्हती. कापड कापण्याची भीती इथे संपते, आणि ती संपली की बाकी सगळं तंत्र आहे.

पट्ट्या, पाचरी, वळणं

पट्ट्या लांबीच्या बाजूने एकमेकींना जोडत जा, रुंदी हवी ती घ्या. असा जोडलेला ताव आडवा ५-५ सेमीवर कापला की रंगीत चौकड्यांच्या नव्या पट्ट्या मिळतात. त्या वरखाली सरकवून, एखादी उलटी करून पुन्हा जोडा. लांब पट्ट्या शिवताना एक शिवण वरून खाली, पुढची खालून वर घाला. सगळ्या एकाच दिशेने घातल्या की ताव धनुष्यासारखा वाकतो, कारण मशीन खालचं कापड वरच्यापेक्षा किंचित जास्त पुढे ओढतं.

पाचर म्हणजे एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती पट्टी. तिने रेषांना गती येते. रुंद टोक एकदा वर, एकदा खाली ठेवत गेलात तर ताव चौकोनी राहतो. सगळी रुंद टोकं एकाच बाजूला ठेवली तर पंखा उघडतो. तेच हवं असेल तर मुद्दाम करा.

वळणाची शिवण लोकांना उगाच अवघड वाटते. दोन कापडं दोन्हींची सुलट बाजू वर ठेवून मांडा. उजव्याची डावी कड डाव्यावर ८ सेमी चढलेली असावी. या दुहेरी भागातून कटरने किंवा कात्रीने एक सौम्य, नदीच्या पात्रासारखी रेषा एका दमात कापा. वेगळे करण्याआधी रेषेला आडव्या तीन-चार खडूच्या खुणा दोन्ही कापडांवर करून ठेवा. आता डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा निरुंद तुकडा चुऱ्यात टाका. उरलेल्या दोन कापडांच्या कडा एकमेकींत कुलपासारख्या बसतात.

शिवायला सुलटावर सुलट ठेवलं की दोन्ही वळणं विरुद्ध दिशेला पळताना दिसतात आणि इथेच माणूस घाबरतो. टाचण्या लावू नका. पहिली खूण जुळवा, सुई खाली सोडा, वरचं कापड हातात उचलून धरा आणि पुढची तीन-चार सेंटिमीटर कडच फक्त जुळवा. तेवढं शिवा, थांबा, पुढची जुळवा. संपूर्ण रेषेचा विचारच करायचा नाही. खुणा एकमेकींजवळ येत राहिल्या म्हणजे ठीक चाललं आहे. दोन-तीन मिमी फरक पडणारच, कारण माया आत जाते. पुरीच्या गोलाईपेक्षा घट्ट वळण सुरुवातीला घेऊ नका. सौम्य वळणाला मायेत कात्रीचे चिरेही द्यावे लागत नाहीत, वाफेची इस्त्री पुरते.

चुऱ्यासाठी वेगळी रीत आहे. दोन-दोन तुकडे सुलटावर सुलट ठेवून एकामागून एक मशीनखाली सोडत जा, मध्ये दोरा तोडू नका. अशी वीस जोड्यांची माळ बाहेर येते. माळ तोडा, इस्त्री करा, एक कड सरळ कापा, जोडीला जोडी लावा आणि पुन्हा माळ. चार-पाच फेऱ्यांत तळहाताएवढी, कुणालाही आखता येणार नाहीत अशी चिमुकली चित्रं तयार होतात. डोकं थकलेलं असताना करायला हे फार चांगलं काम आहे, त्यात जवळजवळ काही ठरवावं लागत नाही.

घसरणारी रेशमी कापडं वापरायचीच असतील तर जुन्या पातळ सुती कापडाचा तळ घ्या आणि तुकडे थेट त्याच्यावर शिवत जा. तळाचं कापड सरकणं आणि ताणणं दोन्ही थांबवतं. १८८० च्या दशकात अमेरिकेत रेशीम-मखमलीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधड्यांची लाट आली होती, त्या याच रीतीने शिवलेल्या असत आणि शिवणींवर भरतकाम केलेलं असे.

मर्यादा घालून घ्या

सगळे रंग, सगळे आकार, सगळी तंत्रं एकाच तुकड्यात आली की कापडाचा बाजार होतो. दर वेळी एक-दोन बंधनं स्वतःवर घालून घ्या. फक्त पट्ट्या. फक्त निळे आणि एक परका रंग. जे पहिल्यांदा हाताला लागेल तेच लावायचं, बदलायचं नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा नदीच्या वळणावरच्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांत आहे. शेतावर घालून विटलेल्या डेनिमच्या विजारी, शर्टांचे मागचे भाग, धान्य-पिठाच्या पोत्यांचं कापड, जे होतं ते. १९७२ मध्ये या परिसरातल्या फ्रीडम क्विल्टिंग बी या स्त्रियांच्या सहकारी संस्थेला सिअर्स या दुकानं चालवणाऱ्या कंपनीसाठी कॉर्डरॉयचे (उठावदार रेघांच्या कापडाचे) अभ्रे शिवायचं काम मिळालं. उरलेलं कॉर्डरॉय घरोघरी गेलं. कॉर्डरॉय जाड, बारीक तुकड्यांना दाद न देणारं. मग त्यातून मोठे, ठळक, थोडे हललेले आयत आले. २००२ साली या गोधड्या ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये त्यांतल्या दहांची टपाल तिकिटं निघाली. त्यांची छायाचित्रं मिळाली तर सावकाश बघा. नक्कल करायला नव्हे. एकच कापड भरपूर आणि दुसरं चिमूटभर असलं की काय होतं, ते डोळ्यांत भरून घ्यायला.

भिंत आणि अंतर

टेबलावर वाकून बघितलेलं काम खोटं दिसतं, कारण जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान दिसते. भिंतीवर जुनी फ्लॅनेलची चादर ताणून लावा. सुती तुकडे तिला टाचणीशिवाय चिकटून राहतात. चार पावलं मागे जा. डोळे किलकिले करा. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. रंग गेल्यावर फक्त गडद-फिकं उरतं. सगळं एकाच करड्या छटेत विरलं असेल तर रंग कितीही भारी असोत, काम सपाट दिसणार. दोन-तीन अतिफिके आणि दोन-तीन अतिगडद तुकडे घातले की ते उठून येतं.

न आवडणारं कापड फेकू नका, बारीक कापा. मोठ्या फुलांची भडक छपाई तळहाताएवढ्या तुकड्यात डोळ्यांत खुपते, तिचीच २.५ सेमीची पट्टी शिवल्यावर १.३ सेमी दिसते, फूल नाहीसं होतं आणि रंगाची एक जिवंत रेघ उरते. मला आवडलेल्या कित्येक तुकड्यांत ही नावडती कापडंच जीव ओतून गेली आहेत.

अडलं तर

तुकडा सपाट बसत नाही, लाटा येतात. कारण बहुतेक वेळा धाग्याची दिशा असते. कापड उभ्या धाग्याच्या (काठाला समांतर जाणाऱ्या) दिशेने सर्वांत कमी ताणलं जातं, आडव्या धाग्याने थोडं, आणि तिरप्या दिशेने पुष्कळ. वाकडे तुकडे कापताना तिरप्या कडा येणारच. त्या आतल्या बाजूला ठेवा आणि सगळ्यांत बाहेर उभ्या धाग्याची पट्टी लावा. पट्टीची लांबी कडेवर मोजू नका, कारण कड ताणलेली असते. तुकड्याच्या मधोमध मोजा, तेवढीच पट्टी कापा आणि कड तिच्यात टाचण्यांनी बसवा. मधेच फुगा आला असेल तर त्याच्यातूनच कापा, फुगलेला भाग पाचरीसारखा काढून टाका आणि शिवून घ्या. पाहणाऱ्याला ती रचनेतलीच रेषा वाटते.

आत वळलेला कोपरा तयार झाला आणि तिथे सरळ शिवण जाईना, तर त्या कोपऱ्याशी झगडू नका. तुकड्याची आखूड बाजू वेगळी भरून काढा, चौकोन पुरा होईपर्यंत. नेहमी दोन सरळ कडा समोरासमोर आणायच्या, एवढंच सूत्र.

तयार ठोकळे, म्हणजे जोडून झालेले चौकोनी तुकडे, एकमेकांना जुळत नाहीत हे तर ठरलेलंच. एक २३ सेमी, शेजारचा २६. लहानाला पट्टी जोडायची. तीन सेंटिमीटर भरून काढायला ३ अधिक १.२, म्हणजे ४.२ सेमीची पट्टी लागते. पण ती ६ सेमीची लावा आणि मग २६ वर कापा. अशा भरणीच्या पट्ट्या मुख्य रचनेत श्वास घ्यायला जागा करतात. त्या साध्या, एकरंगी असू द्या.

उशीचा अभ्रा

पहिली पुरी वस्तू म्हणून ४० सेमीच्या चौकोनी उशीचा अभ्रा घ्या. ठोकळे जोडत ४५ सेमीच्या पुढे जा, मग एकदाच मोजपट्टी काढून ४२ × ४२ सेमी कापा. मोठ्या जोडकामातून कुठला चौकोन उचलायचा, हे ठरवायला कागदात ४० सेमीची खिडकी कापून ती वरून सरकवत बघा.

कापलेल्या चौकोनाच्या चारही कडांवर ४ मिमी आत एक टीप घाला, कारण कडेला आलेल्या शिवणी हाताळताना सुटतात. खाली पातळ सुती अस्तर ठेवून दोन्ही थरांतून काही रेषा शिवा, मधून सुरू करून कडेकडे. मायेची टोकं त्यामुळे आत बंद होतात आणि धुतल्यावर सुटत नाहीत.

मागच्या बाजूला ४२ × ३१ सेमीचे दोन तुकडे. प्रत्येकाची एक ४२ सेमीची कड आधी १ सेमी आणि मग २ सेमी मुडपून टीप घाला. दोन्ही २८ सेमीचे होतील. जोडकामाच्या सुलट बाजूवर ते सुलट बाजू खाली करून ठेवा, मुडपलेल्या कडा मध्यभागी एकमेकींवर १४ सेमी चढतील. चारही बाजूंनी १ सेमी माया घेऊन शिवा. मधल्या चढलेल्या जागी टीप दोनदा घाला, तिथे ताण येतो. कोपऱ्यांची माया तिरकी छाटा, मशीनला सोय असेल तर कडांना झिगझॅग घाला, उलटवा. चेन नको, बटण नको.

मशीन नसेल तर

हाताने करायची एक रीत मला मशीनइतकीच प्रिय आहे. कर्नाटकातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात, त्यात जोडणं आणि थर टाचणं एकाच धावदोऱ्यात होतं. घरी उशीएवढी छोटी करून बघता येते. तळाला मऊ जुनं सुती कापड पसरा, त्याची कड २ सेमी वर मुडपा. एका कोपऱ्यापासून सुरू करा. पहिला तुकडा ठेवा, त्याच्याही कडा आत मुडपा आणि तळासकट कडेकडेने धावदोरा घाला, टाका साधारण अर्धा सेमी. पुढचा तुकडा आधीच्यावर बोटभर चढवायचा, त्याची उघडी कड मुडपलेली, आणि दोरा न तोडता पुढे जायचं. कडेने एक फेरी पूर्ण झाली की आतली दुसरी फेरी, एका बोटाच्या अंतरावर. दोरा संपला तर गाठ तुकड्याच्या खाली लपवा. तुकडा कमी पडला तर त्याच्यावर दुसरा ठेवा. चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात.

फेऱ्या आत आत येत जातात आणि मध्यभागी हाताएवढी रिकामी जागा उरते. तिचं माप कुणी घेतलेलं नसतं, आतापर्यंतच्या टाक्यांनी जेवढी सोडली तेवढी ती असते. ढिगातले तीन-चार तुकडे तिच्यावर धरून बघा. एकाशी हात थांबेल. त्याच्या चारही कडा आत मुडपा आणि शेवटचा दोरा ओवा.